आई कुठली, आजी कुठली?

हातातलं काम सोडू नका. वाल सोलत असाल तर सोलत राहा, कारण आजच्या गोष्टीत वालाचं बिरडंही आहे, पापलेटही आहे आणि तेलाचा घाणाही आहे.

गोष्ट आपल्याच किनाऱ्याची आहे. अलिबागेत इस्राएल आळी आहे. आम्ही लहानपणी त्या आळीवरून बाजाराला जायचो. तिथल्या देवळाला आमच्या आज्या ‘मशीद’ म्हणायच्या, त्यामुळे आमची समजूत अशी की तिथे मुसलमान राहतात. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की ते ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे. 1848 साली बांधलेलं आणि 1910 साली पुन्हा नव्यानं उभारलेलं. आणि गंमत म्हणजे ते लोक स्वतःही आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. मुंबईत त्यांनी 1796 साली पहिलं सिनेगॉग बांधलं, तीही ‘जुनी मशीद’च. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात.

हे लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणतात. म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कथा अशी की फार फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं वाहून आली ती नवगावलाच पुरली. आजही तिथे दफनभूमी आहे, स्मारक आहे. नेमकं कधी, कुठून आले यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण गलबत फुटून सगळं गेलं, पोथ्याही गेल्या, राहिलं ते फक्त डोक्यात होतं तेवढं, ही गोष्ट त्यांनी जपली.

वाचलेली माणसं आसपासच्या गावांत पांगली. आडनावं बघा ना: नवगावकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर, तळकर, झिराडकर, अष्टमकर. आपल्या एसटीचं वेळापत्रकच जणू. त्यांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवारी मात्र घाणा बंद, बैल सोडलेला. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं, शनवार तेली. बायका नऊवारी नेसायच्या, हिरव्या बांगड्या भरायच्या, मंगळसूत्र घालायच्या. घरात बोलणं मराठी.

पोथी नाही, भटजी नाही, हिब्रू भाषा विसरलेली. मग धर्म टिकला कसा? आमचं उत्तर असं की चुलीजवळ टिकला. त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. उपासाच्या मोठ्या दिवशी सगळे दार लावून घरात बसायचे, तो दरफळणीचा सण. मंदिर पाडलं गेल्याच्या शोकाचा दिवस, तेव्हा वालाचं बिरडं खायचं, तो बिरड्याचा सण. वसंतातल्या एका सणाला आंबवलेलं काही खायचं नाही अशी त्यांच्या धर्माची आज्ञा आहे. कोकणात ती आज्ञा पोथीत वाचणारं कुणी नव्हतं, पण घरातलं आंबट चटणीचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं हे बायकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो अनशी धाकाचा सण. का झाकायचं हे विचारलं तर ‘आमच्यात झाकतात’ एवढंच उत्तर आलं असतं. आपणही कितीतरी गोष्टींना हेच उत्तर देतो.

आता पापलेटाची गोष्ट. डेव्हिड रहाबी नावाचे एक विद्वान ज्यू कोकणात आले. कधी आले यावर मोठा वाद आहे, कुणी शेकडो वर्षांचा फरक धरतात. त्यांना शंका आली की हे शनवार तेली आपलेच भाऊबंद असावेत. खात्री कशी करायची? त्यांनी बायकांपुढे वेगवेगळ्या जातींची मासळी ठेवली आणि म्हणाले, रांधा. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी एका बाजूला काढली आणि बाकीची परत केली. आपल्या भाषेत सांगायचं तर पापलेट, रावस, बोय इकडे. मुशी, पाकट, कोळंबी, खेकडे तिकडे. ज्यूंच्या धर्मशास्त्रात अगदी हाच नियम आहे. रहाबींची खात्री पटली. मग त्यांनी तीन घराण्यांतल्या पुरुषांना शिकवून काजी केलं.

परीक्षा दिली बायकांनी आणि काजी झाले पुरुष. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्या गटाच्या सचिवताई फटकन म्हणाल्या, “म्हणजे पापड आपण लाटायचे आणि फोटोत सरपंच.” सगळ्या हसल्या. पण ताई, ही गोष्ट त्या लोकांनी स्वतःच अभिमानानं सांगितली आहे, बायकांचं श्रेय लपवलेलं नाही, हेही तितकंच खरं.

गावांत या लोकांना कुणी त्रास दिला असा इतिहास सापडत नाही. जगात इतरत्र ज्यूंचं काय काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. इथे तसं झालं नाही. गावानं त्यांना एक जात म्हणून सामावून घेतलं. त्यांनीही गावाकडून बरंच घेतलं. विधवेनं पुन्हा लग्न करायचं नाही ही चाल त्यांनी इथूनच उचलली. त्यांच्या मूळ धर्मात तशी बंदी नाही. मटणात दूध घालायचं नाही हा त्यांचा नियम, तर त्यांनी नारळाचं दूध घातलं आणि प्रश्न मिटवला. प्रार्थनेच्या वेळी द्राक्षाचा रस लागतो, तर मनुका भिजवून त्याचं सरबत केलं. नवस फेडताना मलिद्याचं ताट करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावानं ते ताट मांडतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा, आणि तिथे आजही लोक जातात.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची आम्हाला सांगायला जड जाते, पण तीच सांगण्यासाठी आज बसलो आहोत.

याच लोकांत दोन गट होते. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. अंगाच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. ज्यांचे आईबाप दोन्हीकडून बेने इस्राएल ते गोरे. बाप बेने इस्राएल पण आई दुसऱ्या जातीची, अशांची लेकरं काळी. त्यांची नातवंडं काळी. पुढे किती पिढ्या गेल्या तरी काळीच. गोरे त्यांना मुलगी देत नसत, घेत नसत. त्यांच्या पंगतीला बसत नसत. प्रार्थनेला दोघे एकाच मशिदीत यायचे, देव एकच, पण तिथेही मान आधी गोऱ्यांचा.

ज्यू धर्मात वंश आईकडून मोजतात. आई ज्यू तर लेकरू ज्यू. त्यामुळे ‘आई कुठली?’ हा प्रश्न शास्त्राला धरून होता असं कुणी म्हणेल. पण आपल्याला कोकणातल्या लोकांना दिसतं की यात शास्त्र किती आणि शेजाऱ्यांकडून घेतलेली जात किती. धर्मात आलेल्याला पुन्हा परका म्हणायचं नाही असं तर ज्यू शास्त्रातही सांगितलं आहे. पंगत वेगळी हे मात्र आपलं, इथलं.

आपणच फक्त असे असंही नाही. खाली केरळात कोचीनला ज्यूंची जुनी वस्ती. तिथलं परदेशी सिनेगॉग 1568 सालचं, आजही पर्यटक बघायला जातात. बाहेरून आलेल्या गोऱ्या ज्यूंचं ते. त्यांच्या घरच्या जुन्या गुलामांचे जे वंशज होते ते धर्मानं पक्के ज्यू, पण त्यांना आतल्या बाकांवर बसू देत नसत. बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसायचं. त्यांच्यातच अब्राहम बराक सालेम नावाचे गृहस्थ जन्मले, 1882 साली. शिकून वकील झाले. गांधीजींचा मार्ग त्यांना पटला आणि त्यांनी सत्याग्रह थेट आपल्या प्रार्थनाघरात नेला. आपल्याच देवळात, आपल्याच लोकांपुढे. परक्या सरकाराविरुद्ध बसणं एकवेळ सोपं, पण जिथे आपली लग्नं आणि मयतं होणार तिथे बसणं कठीण. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणू लागले. हळूहळू बाकं मोकळी झाली. दोन्हीकडच्या लोकांची आपसांत लग्नं मात्र त्यानंतरही बराच काळ अडून राहिली.

आता मुंबईला या. बेने इस्राएल लोक घाणे सोडून मुंबईत गेले, सैन्यात शिरले, कारकून झाले, सुतार-गवंडी झाले. तिथे त्यांना दुसरे ज्यू भेटले, बगदादकडून आलेले व्यापारी. डेव्हिड ससून 1832 साली मुंबईत आले. पुण्याचं लाल देऊळ त्यांनीच बांधलं, आणि आपल्यातल्या अनेकींनी नाव ऐकलेलं ससून रुग्णालय त्यांच्याच देणगीचं. पैसा भरपूर, दानधर्मही भरपूर. आधी हे बगदादी ज्यू बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला यायचे, त्यांच्याच दफनभूमीत मयत पुरायचे. पण 1836 सालीच बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत मधे एक भिंत घालून द्यावी. आमची मढी इकडे, त्यांची तिकडे. सरकारनं नकार दिला.

पुढे वेगळी सिनेगॉग झाली, वेगळी दफनभूमी झाली. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. बगदाद्यांमध्ये असेही निघाले जे म्हणायचे की त्या दहांत बेने इस्राएल धरायचा नाही. कारण काय, तर यांची वंशशुद्धी पक्की नाही, यांच्यात बाहेरचं रक्त आहे. म्हणजे गोरे इस्राएल काळ्यांना जे म्हणत होते, तेच शब्द आता गोऱ्यांच्या कानांवर आले. ब्रह्मदेशात रंगूनला हा वाद कोर्टात गेला. सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्राएलांना मत द्यायचा हक्क नाही असं बगदादी मंडळी म्हणत होती. 1930च्या दशकात रंगूनच्या उच्च न्यायालयानं बेने इस्राएलांच्या बाजूनं निकाल दिला.

1948 साली इस्राएल देश झाला आणि आपले हे कोकणी शेजारी तिकडे निघाले. आमच्या आजीच्या मैत्रिणीचं घरही तेव्हाच्या आसपास रिकामं झालं. जाताना तिनं पाटावरवंटा आजीला दिला. तो अजून आमच्याकडे आहे, टाकीला झालेला आहे.

तिकडे गेल्यावर तरी प्रश्न संपायला हवा होता. इथले आपले म्हणून सांभाळून घेत होते, तिथे तर सगळेच आपले. पण 1962 साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीनं हुकूम काढला. बेने इस्राएल मुलामुलीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायचं असेल, तर नोंदणी करणाऱ्या धर्मगुरूनं आधी तपास करावा. आईचा, आजीचा आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांचा. कोणी बाहेरची होती का? घटस्फोट धर्माप्रमाणे झाला होता का?

मैत्रिणींनो, विचार करा. नवगावच्या, किहीमच्या, तळ्याच्या आजीची लग्नाची नोंद कुठून आणायची? आपल्यातल्या किती जणींकडे आपल्या आजीच्या लग्नाचा कागद आहे? शिधापत्रिकेवर नाव चढवायचं तर माहेरचा दाखला आणताना आपल्या नाकीनऊ येतात. आणि यांना सांगायचं होतं साता समुद्रापलीकडे बसून.

त्यांनी मुकाट्यानं ऐकलं नाही. ते या बाबतीत आधीच तयार झालेले होते. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भेदभाव होतो म्हणून त्यांच्यातल्या काहींनी धरणं धरलं होतं, आणि काही कुटुंबं तर भारतात परतही आली होती. 1964च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये संपावर बसले. बायकामुलांसह. भारतात शिकलेली विद्या तिथे कामी आली असं आम्हाला वाटतं, पण तो आमचा अभिमान बोलतोय, तेव्हा तेवढं सोडून द्या. ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेची खास बैठक बसली आणि ठराव झाला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक करायचा नाही. महिनाअखेर धर्मगुरूंच्या कचेरीनं हुकमातून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढलं. तपासाचा नियम तसाच राहिला, फक्त तो ‘ज्यांच्याबद्दल शंका आहे अशा कुणालाही’ असा केला. ज्या बायकांनी अर्ज-विनंत्या केल्या आहेत त्यांना असा बदल ओळखीचा वाटेल.

बायकांचं मधे राहून गेलं. जुन्या पद्धतीच्या सिनेगॉगमध्ये बायका वेगळ्या बसतात, पुष्कळ ठिकाणी वरच्या सज्जात. दहा जणांच्या मोजणीत त्या नाहीत. पोथी वाचायला त्यांना बोलावत नाहीत. पण याच समाजातून डॉ. जेरुशा झिराड निघाल्या. आडनाव ओळखलंत ना? आपल्या अलिबाग तालुक्यातलं झिराड. लंडनला जाऊन त्या प्रसूतीशास्त्र शिकल्या आणि पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनमध्ये त्यांनी लिली माँटेग्यू या बाईंचं काम पाहिलं. त्या बाई ज्यू प्रार्थनासभेत चक्क प्रवचन द्यायच्या. झिराडबाईंच्या प्रेरणेनं 1925 साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू झाली. तिथे बायका आणि पुरुष एकत्र बसू लागले आणि लोकांना कळेल अशा भाषेत प्रार्थना होऊ लागली. समाजात कुरबूर झाली, सगळे काही तिकडे गेले नाहीत. पण ज्यांना वर सज्जात बसायचं नव्हतं त्यांना खाली बसायला एक जागा झाली. रिबेका रुबेनबाईही त्याच काळातल्या. 1905 साली त्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि पुढे वर्षानुवर्षं मुंबईच्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

आज भारतात बेने इस्राएल काही हजारच उरलेत. 2016 साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. आपल्या भागातल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष जमवणं अवघड झालं आहे. गोरे-काळे हा भेद आता कुणी काढत नाही. इतकी थोडी माणसं उरल्यावर काढणार तरी कोण?

आता आम्ही हे सगळं का वाचत बसलो ते सांगतो. यंदा दिवाळीच्या आधी आमच्या गटाला पोह्याच्या चिवड्याची आणि लाडवांची मोठी ऑर्डर मिळाली. त्याच सुमारास वाडीवरची एक कातकरी बाई गटात नाव घालायला आली. सहा महिने ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते, उरलेले सहा महिने इथे असते. बैठकीत कुणी नियमावर बोललंच नाही. विचारलं ते हे: ती मूळची कुठली? तिची आई कुठली? आणि मग एकीनं हळूच म्हटलं, बचत घ्या हवं तर, पण लाडवांना तिचा हात नको, गिऱ्हाईक काय म्हणेल. आम्ही समन्वयक म्हणून तिथेच बसलो होतो. रजिस्टर उघडं होतं, हातात पेन होतं. आम्ही काही बोललो नाही. ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणालो आणि विषय संपवला. ती बाई दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पाणी न पिता गेली.

त्या रात्री आजीच्या पाटावरवंट्यापाशी बसून आम्हाला पहिल्यांदा वाटलं की या इस्राएल आळीबद्दल नीट वाचायला हवं. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. त्यांच्यातल्याच हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला होता, तो त्यांच्या मृत्यूनंतर 1937 साली छापला गेला. त्याचा आधार घेऊन पुढे अनेकांनी लिहिलं. गटात आम्ही दर गुरुवारी थोडं थोडं सांगत गेलो. मासळीची गोष्ट सगळ्यांना आवडली. भिंतीची गोष्ट सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही.

दोन बैठकांनंतर नाव पुन्हा पुढे ठेवलं. बारा जणींपैकी आठ हो म्हणाल्या, तीन नाही म्हणाल्या, एक गप्प राहिली. आम्ही स्वतः वाडीवर जाऊन त्या बाईला निरोप दिला. ती लगेच आली नाही. तिला आमचा भरवसा वाटायला पंधरा दिवस लागले, आणि ते बरोबरच होतं. आली तेव्हा पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून दिली, पहिला हप्ता. भट्टीवर असेल त्या महिन्यांचे पैसे तिची जाऊ आणून देणार आहे, तसं रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

लाडू कोण वळणार यावर अजून ठरलेलं नाही. होळीच्या ऑर्डरचं पीठ दळायला टाकलं आहे आणि बैठक येत्या गुरुवारी दुपारी तीनला आहे.